पालखी टेकते तो ओटा

रविवारी सकाळी गावदेवीच्या मंडपात थर्माकोलचं अख्खं गाव मांडून ठेवलंय, ही बातमी खारआळीत दूधवाल्याच्या आधी पोचली. सगुणा मागच्या दारी निवट्या साफ करत बसली होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातली मासळी, राख लावल्याशिवाय हातात राहत नाही, आणि सगुणाचं सगळं लक्ष त्या राखेतच होतं. तिची सून रसिका धावत आली ती दारातूनच म्हणाली, "आई, आपलं घर अर्धंच आहे."

"अर्दा म्हंजे?"

"ओटा नाहीच. पडवी पण कापलीय. तिथून एक राखाडी पट्टी सरळ विहिरीपर्यंत गेलीय."

"आनि समोरच्यांचा?"

रसिका डोंबिवलीची, माहेर मूळचं कोकणातलं. पण या घरात कुठला प्रश्न कशासाठी विचारला जातो, ते तिला आता कळायला लागलं होतं. "काकींचं जसंच्या तसं आहे," ती हळूच म्हणाली. "भाड्याच्या दोन्ही खोल्यांसकट."

सगुणाने हातातली निवटी टोपात टाकली आणि वर झाकण दाबलं. "बगितलास? मी बोललेली."

काय बोललेली, ते रसिकाने विचारलं नाही. मढव्यांच्या घरात संशय आधी येतो, कारण मागाहून सापडतं. आणि बहुतेक वेळा ते सापडतंच, हीच पंचाईत आहे.

याला जबाबदार कुणी असतील तर ते सगुणाचे सासरे, मारुतीबाबा. कोलशेतच्या खाडीला त्यांचं मिठागर होतं तेव्हाची गोष्ट. एकदा एक पँटवाला साहेब आला आणि गोड आवाजात म्हणाला, बाबा, खाडीकडे जायची वाट कुठली हो? बाबा भोळे. त्यांनी त्याला सोबत नेलं, बांध दाखवला, गाडी कुठवर जाते ते दाखवलं, वर घरी आणून ताडगोळे खायला घातले. निघताना त्यांनी सहज विचारलं, साहेब, वाट कशाला हवी? साहेब म्हणाला, काही नाही, असंच. पुढे त्याच वाटेने भरावाचे ट्रक आले आणि मिठागर मातीखाली गेलं. त्यानंतर मारुतीबाबा जगले तोवर सुनांना आणि पोरांना एकच सांगत राहिले: "काय नाय, असंच, असा कोन बोलला का समजाचा, काईतरी हाय."

म्हणून पावसाळ्यानंतर दोन मुली गळ्यात ओळखपत्रं अडकवून आळीत आल्या आणि "मावशी, गावदेवीची पालखी कुठून जाते? कुणाच्या दारात थांबते?" असं विचारायला लागल्या, तेव्हा सगुणाचे कान टवकारले. आदल्याच दिवशी मितेशने, तिच्या मुलाने, जेवताना सांगितलं होतं, की पालखीची वाट सगळ्यात रुंद, तेव्हा बुलडोझर तिथूनच आत घेणार. मितेशचे डंपर टॉवरच्या साइटवर चालतात, त्याला असल्या बातम्या कळतात. सगुणाने त्या मुलींना विचारलं, "कशाला पायजे गो?"

"काही नाही मावशी, असंच. माहिती गोळा करतोय."

झालं. दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकायला काय वेळ लावते? सगुणा ओट्यावर उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आमचे दारान पालखी येतच नाय. ती वरशी जाते, पिंपलाकरशी."

देवीच्या नावाने खोटं बोललो, हे तिला त्याच क्षणी टोचलं होतं. पण घरासाठी बोललो, अशी तिने मनाची समजूत घातली, आणि संध्याकाळी देवीपुढे एक नारळ जास्तीचा फोडला.

कारण पालखी टेकते ती याच ओट्यावर. चैत्रातल्या जत्रेला ती साऱ्या गावातून मिरवते, दारोदारी क्षणभर थांबते, पण भोयांच्या खांद्यावरून खाली उतरते ती फक्त मढव्यांच्या ओट्यावर. हा मान मारुतीबाबांच्या आज्यापासूनचा. घराच्या थोरल्या आणि धाकट्या सुनेने मिळून आरतीचं एक ताट धरायचं, एक हात तिचा, एक हात हिचा. आणि तसं ओवाळल्याशिवाय पालखी उचलायची नाही. वाटणी झाली तेव्हा भावाभावांनी जमीन वाटली, भांडी वाटली, आंब्याचं झाडसुद्धा एक वर्षाआड वाटून घेतलं. जुनं घर थोरल्या गोपीनाथकडे, म्हणजे सगुणाच्या नवऱ्याकडे, राहिलं, समोरची जागा धाकट्या देवरामने घेऊन तिथे नवं घर आणि भाड्याच्या दोन खोल्या बांधल्या. ओटा मात्र कुणी वाटला नाही. दोन्ही घरांचा मिळून एक.

आता जो दोघांचा असतो त्याच्यावरूनच भांडण होतं. देवरामच्या भाडेकरूने एकदा ओट्यावर मोटारसायकल चढवली, गोपीनाथने ती खाली ढकलली, आरसा फुटला, आणि आरशाबरोबर भावांची तोंडंही फिरली. त्या दिवसापासून सगुणा आणि तिची जाऊ दर्शना एकमेकींशी बोलत नव्हत्या. जत्रेच्या दिवशी तेवढं ताट धरायच्या, तेही एकमेकींकडे न बघता. पालखी बिचारी उठायची.

या सगळ्यात मेख अशी, की गावाचा हा नवा आराखडा करणाऱ्यांत देवरामची मुलगी जागृती होती. आर्किटेक्ट होऊन ती याच कामाला लागली होती. चारी बाजूंनी टॉवर उठले, रस्ता एवढा उंच झाला की पावसाचं पाणी थेट घरात, विहिरीत कचरा, शिकलेली पोरं फ्लॅटमध्ये निघून गेलेली आणि त्यांच्या घरांच्या खोल्या-खोल्या करून भाड्याने दिलेल्या. आपलं गाव असं बसत चाललंय, ते उभं करायचं, असं जागृती म्हणायची. सगुणाला ते ऐकताना बरं वाटायचं. पण पोरगी दर्शनाची, हेही ती विसरायची नाही.

"पोरीच्या हातात पेन्सिल आली," गोपीनाथ शर्टाची बटणं लावत म्हणाला, "आणि पहिली रेघ मारली ती काकाच्या घरावर. देवरामचंच डोकं हे. मोटारसायकलचा आरसा वसूल केला त्याने."

"मी बोलू का, पप्पा?" मितेश म्हणाला. "सरळ बिल्डरला देऊन टाकू या. टॉवरमध्ये घर तर मिळेल. ह्या आराखड्यात काय, ओटा पण नाय मिळणार."

सगुणाने मुलाकडे पाहिलं. हे वाक्य त्याच्या तोंडात फार तयार होऊन आलं होतं. "मितेश, तो बुलडोझरचा तुना कोनी सांगितलेला?"

"कोणता?"

"पालखीचे वाटंनशी बुलडोझर येनार त्यो."

"साइटवर बोलत होते सगळे. त्यांच्या ऑफिसचा माणूस बोललेला. का?"

"काय नाय," सगुणा म्हणाली, आणि पदर खोचून निघाली. आराखडा बिघडला तर घरं बिल्डरकडेच जाणार होती. टॉवर बांधणाऱ्याच्या माणसाला पालखीची एवढी काळजी का, हा प्रश्न तिने तेव्हाच विचारायला हवा होता. परक्या मुलींवर संशय घेतला आणि घरात जेवायला बसलेल्या बातमीवर घेतला नाही. मारुतीबाबा असते तर कपाळावर हात मारून घेतला असता.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चार टेबलं जोडून त्यावर गाव मांडलं होतं. काडेपेटीएवढी घरं, लाल-करडी कौलं, खऱ्यासारखी विहीर. जो तो आपलं घर शोधून त्यावर बोट ठेवत होता. लहान पोरांना मागे खेचता खेचता मोठी माणसं स्वतःच पुढे वाकत होती. सगुणाला आपलं घर पटकन सापडलं, कारण सगळ्या घरांना पुढे काहीतरी होतं आणि तिच्या घराला तोंडच नव्हतं. ओठ कापून टाकल्यासारखं ते राखाडी पट्टीच्या काठावर उभं होतं. तिला भर मंडपात रडू आलं, आणि ते तिने रागावर ढकललं.

टेबलाच्या पलीकडे जागृती उभी होती. तिच्या शेजारी तिच्या कार्यालयाच्या प्रमुख, क्षिप्रा मॅडम, माइकवर समजावून सांगत होत्या. टॉवर नाहीत, गल्ल्या आहेत तशाच राहतील, गटारं जमिनीखाली जातील, विहीर उपसली जाईल, मासळी सुकवायला आणि हळदीच्या मांडवाला मोकळी जागा राहील. "फक्त एक रस्ता रुंद करावाच लागेल," त्या म्हणाल्या. "गोदाबाईंच्या घराला आग लागली तेव्हा बंब आळीच्या तोंडाशी अडकला. ते परत व्हायला नको."

पुढच्या रांगेत बसलेल्या गोदाबाईने मान हलवली. तिचं घर जळताना सगळ्यांनी पाहिलं होतं. बंबाला वाट हवी, यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. वाट दुसऱ्याच्या दारातून जावी, एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

"पण तो रस्ता मढव्यांच्याच ओट्यावरून का?" गोपीनाथने उभं राहून विचारलं. "समोरच्या बाजूने का नाही?" समोरची बाजू म्हणजे कुणाची, हे मंडपात सगळ्यांना माहीत होतं. देवराम खुर्चीत ताठ झाला.

"काका, आम्ही एक नियम ठरवलाय," क्षिप्रा मॅडम म्हणाल्या. "पालखीची वाट बंद करायची नाही आणि पालखी टेकते त्या जागेला हात लावायचा नाही. ते गावाचं हृदय आहे. बाकी ठिकाणी जिथे कमीत कमी माणसांचा निवारा जाईल, तिथून रस्ता. समोर दोन कुटुंबं भाड्याने राहतात. तुमच्या बाजूला ओटा आणि पडवी आहे. आणि खारआळीत तर पालखी येतच नाही ना."

 सगुणाच्या कानात स्वतःचाच तो खणखणीत आवाज वाजला.

"येतच नाही, असं कोण म्हणालं?" गोपीनाथने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो तेव्हा कल्याणला बहिणीकडे होता.

"आळीतल्या सगळ्या घरांनी सांगितलं. एकूण एक."

सगुणा उठली.  "मॅडम, मी खोटा बोलले. पालखी आमचे ओट्यावर टेकते. गावान दुसरे कुठंच टेकत नाय."

आधी कुणी हसलं. मग पिंपळाकडच्या आळीतला एक जण मोठ्याने म्हणाला, "आता रस्ता आला तर देवी पण आली का गो दारान?" त्याबरोबर सगळीकडून आवाज उठले. आमच्या पण दारात थांबते. आमच्या तर दोनदा थांबते. मग आमचं पण लिहा. क्षिप्रा मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, आणि थोडा 'मला हे माहीतच होतं' असाही भाव होता.

"म्हणूनच विचारताना आम्ही कारण सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर प्रत्येकाने पालखी आपल्याच दारात टेकवली असती."

म्हणजे त्यांचाही आपल्यावर विश्वास नव्हता, सगुणाच्या मनात आलं. त्यांनी संशयाने विचारलं, आपण संशयाने सांगितलं, आणि मधल्या मधे देवीचा ओटा गेला. तिने पालखीच्या भोयांकडे पाहिलं. दरवर्षी तिच्या ओट्यापुढे ज्यांच्या पायांवर ती पाणी घालत आली होती, ते पाचसहा जण एका बाजूला उभे होते. एक मोबाइल बघत होता. एक छताचा पंखा बघत होता. त्यांना सगळं माहीत होतं. पण ओट्यावरची रेघ उचलली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर पडणार, आणि ती आपल्यावर पडू नये म्हणून एकाने तोंड उघडलं नाही.

"जागृती!" सगुणा ओरडली. "तू सांग ना! त्या ओट्यावर रांगलीस तू. तुजे पायात घुंगरू मी बांदलेले. सांग ना त्यांना!"

जागृतीचे डोळे भरले होते. "मी सांगितलंय, मोठी आय. पहिल्याच दिवशी मॅडमना सांगितलं. पण माझं घर आहे तिथे. माझ्या एकटीच्या शब्दावर लिहिलं तर लोक म्हणतील, पोरीने घरच्यांसाठी आराखडा फिरवला. आळीतल्या कुणीतरी सांगायला हवं. ज्याचा त्यात फायदा नाही अशा कुणीतरी."

"वाट बगत बसलीस म्हंजे?"

"हो," जागृती म्हणाली. "इतके दिवस."

फायदा नाही असं कोण? सगुणाने मनातल्या मनात आळीतली घरं मोजायला घेतली आणि पहिल्याच घराशी थांबली. ओटा वाचला तर रस्ता समोरून जाणार. समोर दर्शनाच्या खोल्या. म्हणजे गावात ज्या एका बाईच्या शब्दाला आज वजन होतं, ती नेमकी दर्शना. तिला बोलवायचं म्हणजे तुझ्या खोल्या पाड आणि माझा ओटा वाचव, असं सांगायचं. आणि ज्या तोंडाने सांगायचं ते तोंड इतकी वर्षं बंद ठेवलेलं.

दर्शना बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून उभी होती. सगुणाने तिच्याकडे बघितलं.  दर्शनानेही तिच्याकडे बघितलं, मग मान वळवली आणि बायकांतून वाट काढत निघाली. चालली, सगुणाला वाटलं. गेली घरी. खोल्या माझ्या असत्या तर मीही गेले असते.

दर्शना घरी गेली नव्हती. ती टेबलाला वळसा घालून माइकपाशी येऊन उभी राहिली. माइक हातात घ्यावा की नाही, हे न कळून तिने तो तसाच राहू दिला. तिचा आवाज तसाही लांब जायचा.

"पालखी आमचे ओट्यावर टेकते," ती म्हणाली. "ताट आमी दोगी धरतो, वयनी आनि मी. मी पन खोटा बोलले."

"ए!" देवराम खुर्चीतून उठला. "बस खाली. काय बोलतेस कळतं का?"

"ताई, मग रस्ता तुमच्या बाजूला येईल," क्षिप्रा मॅडमनी सावकाश विचारलं. "खोल्या जातील. भरपाई मिळेल, भाडेकरूंची सोय आम्ही बघू, पण खोल्या जातील. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. आय हाय मी आर्किटेक्टची."

मंडप हसला. जागृती हसली नाही. तिने पेन्सिल घेतली आणि बापाच्या डोळ्यांदेखत, आपल्याच घराच्या कडेने, हलक्या हाताने एक रेघ ओढली.

 घरी आल्यावर सगळे एकदमच बोलायला लागले.

"काहीतरी आहे," मितेश म्हणाला. "काकी अशी फुकट नाय बोलणार."

"देवरामने चिडल्याचं नाटक केलं," गोपीनाथ म्हणाला. "बायको बोलणार हे त्याला माहीत होतं. भरपाईत मोठी जागा मागितली असणार. बघ तू."

"किंवा बिल्डरशी आधीच बोलणं झालं असेल."

"मग खोल्या का जाऊ देईल?"

"तेच तर! काहीतरी आहे."

रसिका भात वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "कदाचित त्यांना ओटा हवा असेल." बापलेकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती लोणचं आणायला आत गेली.

सगुणाने ताट बाजूला सारलं. तिला या दोघांचा राग आला, आणि राग येण्याचं कारण तिला चांगलंच ठाऊक होतं. दर्शना माइकपाशी उभी राहून बोलायला लागली, तेव्हा तिच्या मनात सगळ्यात पहिला विचार आला तो 'वाचलो' असा नव्हता, 'उपकार झाले' असाही नव्हता. हिला यात काय मिळणार, हा तो विचार होता. ओटा वाचत होता आणि ती हिशेब लावत होती. आपल्यात हे कुठवर मुरलंय, ते कळून तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिने निवट्यांचं कालवण एका टोपात काढलं, वर ताटली ठेवली, आणि "कुठे?" असं गोपीनाथने विचारायच्या आत बाहेर पडली. ओटा उतरून समोर जायला किती वेळ लागतो? पण त्या दुपारी, सगळी आळी खिडक्यांच्या फटीतून बघत असताना, तिला ते अंतर फार लांब वाटलं.

दर्शनाने दार उघडलं. आतून देवरामचा चढलेला आवाज आणि मधेमधे जागृतीचा शांत आवाज येत होता. दर्शनाने दार मागे अर्धवट ओढलं आणि चौकटीत उभी राहिली.

"तुमी निवट्या केल्यात," वासावरूनच ती म्हणाली.

"हां."

 दोघींची बोलायची सवय मोडली होती.

"तू का खोटा बोललीस गो तवा?" सगुणाने शेवटी विचारलं. "त्या पोरींना?"

"तुमी ओट्यावरशी वरडलेलाव ना. मी खिरकीन होते. मना वाटला, वयनीला काईतरी ठावं असेल, त्याबिगर देवीचा खोटा बोलाची नाय. मंग मी पन तसाच सांगितला. माज्या पाठशी सगल्यांनी."

म्हणजे आळीभर पसरलेलं ते खोटं एकट्या सगुणाच्या तोंडून निघालं होतं. इतकी वर्षं न बोलणाऱ्या जावेने तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि तोही नेमका तिच्या खोट्यावर. सगुणाने टोप या हातातून त्या हातात घेतला. चटका बसत होता.

"आनि आज का खरा बोललीस? खोल्या जातील तुज्या."

"काय नाय," दर्शना म्हणाली. "खरा व्हता ते बोलले."

काय नाय. सगुणाच्या मनात मारुतीबाबा खाकरले. तिने दर्शनाच्या डोळ्यांत निरखून बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन नजर खाली घेतली. तोवर दर्शनाला ते दिसलं होतं.

सगुणा घाईघाईने बोलायला लागली. "आईक ना. आमची पाठची खोली रिकामी हाय. तुजे भारेकरू तिकरं रातील, नायतर तुमीच वापरा. भारा तुमीच घ्या. मना काय नको. मी यांच्याशी बोलते, ते नाय बोलनार नाय. खोल्या आमच्यामुले चालल्या, तर..."

ती मनापासून बोलत होती. आयुष्यात इतकं मनापासून ती क्वचितच बोलली असेल. दर्शना ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे बारीक झाले, मान किंचित कलली. ही नजर सगुणाला नीट माहीत होती. आताच तिने ती दर्शनावर टाकली होती.

"खोली कशाला देताव, वयनी?" दर्शनाने हलकेच विचारलं. "त्यान तुमचा काय?"

"माजा काय असनार? काय नाय."

बोलून गेल्यावर तिला कळलं. दर्शनाच्या ओठांवर काहीतरी आलं, त्याला हसू म्हणावं की नाही ते कळेना.

"काय नाय म्हंजे काईतरी हाय," ती म्हणाली. "सासऱ्यांनी तुमालाच नाय शिकवला, मना पन शिकवलाय."

 शपथ घ्यावी तर देवीची, आणि देवीचं नाव घेण्याची सोय तिने स्वतःच्या तोंडाने घालवली होती. ती मागे वळली, ओट्यावर आली, आणि दर वर्षी पालखी टेकते तिथून जरा बाजूला, टोप मांडीवर घेऊन बसली. दर्शना आत गेली नाही आणि बाहेरही आली नाही. दार उघडं ठेवून ती चौकटीत उभी होती, आणि सगुणा तिची वाट बघत होती. कालवण निवत होतं.